एक ‘वाहवा’ आणि चंदगडची गाडी

मंडळी, मंडळाच्या फळ्यावर लावलेल्या माझ्या मागच्या पानात मी चुकीचं लिहिलं होतं. आपल्या जॅझ मंडळात मध्येच कुणी बोललं, तर रेकॉर्ड बंद करत नाहीत. ती बाजू पहिल्यापासून लावतात. आज ते माझ्यामुळेच झालं.

घरी आप्पांनी शिकवलंय, जागा आवडली की दाद द्यायची. गवई समेवर यावा तसा ट्रंपेटवाला उतरला आणि माझ्या तोंडून ‘वाहवा!’ निघून गेलं.

रेकॉर्ड लावणाऱ्या शौकतचाचांनी सुई उचलली. “हे तुझ्या आप्पांचं भजन हाय व्हय? चला, पहिल्यापासनं!”

“चाचा, माझी शेवटची गाडी हाय की!” सुनंदा म्हणाली.

“मग निम्मं ऐकून जा.”

ती खरंच निम्म्यातून उठली. चंदगडच्या शाळेत उद्या ती शिक्षिका म्हणून रुजू होणार. आता आपल्या रविवारच्या बैठकीला तिला यायला जमणार नाही. शेवट आम्ही ऐकला, तिने नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

चाचा, ती रेकॉर्ड आणि बॅटरीवरचा प्लेअर द्याल का? सोबत कुणी येतंय का? तिथे मी तोंडातून शब्द काढणार नाही. येत्या शनिवारी सकाळच्या एस.टी.ने मी चंदगडला निघणार आहे.