मांडीवरची जित्राबं

अक्कलकोटच्या एसटीत शेजारच्या बाईनं मांडीवरची पिशवी छातीशी धरली. म्हणाली, "ताई, खिडकीला तुमी बसा की. ह्यास्नी ऊन सोसत न्हाय."

मला वाटलं, कोंबडीची पिल्लं असतील. निघालं जिवाणू खत, पेरणीआधी ज्वारीच्या बियाण्याला चोळायचं.

"बारकी जित्राबं हायती ही. मुळाला धरून ऱ्हात्यात, पाऊस वढला तर पीक तगवत्यात. गेल्या साली जावंची ज्वारी तगली, माजी वाळली."

रस्ता वळला की ऊन फिरायचं, आणि तिच्या मांडीवरची पिशवीही.

तिच्या गावचा फाटा आला, तसा तिनं डोक्यावर पदर घेतला. पारावर गावातली म्हातारी माणसं बसली होती. ती उतरली, भर उन्हात क्षणभर थांबली. मग डोक्यावरचा पदर काढून तिनं पिशवीवर घातला आणि त्यांच्यासमोरून तशीच शेताकडे निघाली.