जूनच्या पानावरची तांबी

ऑफिसात अर्धविराम वापरणारा मी एकटाच होतो. इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही चाळीसेक माणसं काम करतो, आणि महत्त्वाचं पत्र लिहायचं असलं की तो कागद माझ्या टेबलावर येतो. "तू भाजीची यादीसुद्धा अर्धविराम घालून लिहितोस," असं बायको म्हणायची. ती गेली त्याला आता वर्ष होईल. हे मी सावकाश लिहितो आहे, रोज चार-पाच ओळी. त्याहून जास्त जमत नाही.

आमचे मालक मराठीच. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. सकाळी केबिनमध्ये गुरूंच्या तसबिरीला फूल वाहिल्याशिवाय ते लॅपटॉप उघडत नाहीत. शुक्रवारी नमाजाला जाणाऱ्यांच्या वेळेत त्यांनी कधी मीटिंग ठेवली नाही. रमजानात पाणीसुद्धा दार लावून पितात. दुसऱ्याचा देव सांभाळणारा माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर होता. अजूनही आहे.

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, ऑफिसच्या हेल्थ इन्शुरन्सचं रिन्युअल आलं. एजंटने नवा प्लॅन आणला होता, आधीपेक्षा चांगला. त्यात गर्भनिरोधनाचा खर्चही धरलेला होता. साहेबांनी मला बोलावून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे एवढं काढायला सांगा त्यांना. जन्म अडवणं आमच्या गुरूंच्या शिकवणीत बसत नाही. लोकांनी घरी काय करायचं ते त्यांचं ते बघतील, पण माझ्या हातून नको. जरा नीट शब्दांत लिहा. कोणाला लागायला नको."

मला ते पटलं. मनाला न पटणारी गोष्ट करायला माणसाला भाग पाडू नये, हे मी पुस्तकांतून वाचत आलो होतो. मी पानभर पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं. मराठीत ते साधारण असं होईल: "आम्ही कोणाच्या घरात डोकावत नाही; मात्र आमची श्रद्धा जे नाकारते, ते आमच्या हातून घडू नये, एवढीच आमची विनंती आहे." साहेबांनी ते दोनदा वाचलं. "वा! मला हे असं बोलताच आलं नसतं," म्हणाले.

रात्री जेवताना मी ते बायकोला वाचून दाखवलं. तेव्हा तिला सातवा महिना होता.

"छान आहे," ती म्हणाली. "पण बायकांना कोणी विचारलं का?"

"अगं, ऑफिसात बायका सहाच आहेत."

"आणि घरी?"

मी हसलो. ती पण हसली.

धाकटी झाली आणि बायकोच्या हृदयाचा स्नायू दुबळा झाल्याचं कळलं. बाळंतपणानंतर काही जणींना असं होतं म्हणे. वर्षभर औषधं चालली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून स्पष्ट सांगितलं. पुन्हा दिवस राहता कामा नयेत. नेहमीच्या गोळ्या हिच्या हृदयाला चालणार नाहीत. कॉपर-टी बसवून घ्या.

"म्हणजे तांबीच ना रे?" लिफ्टमध्ये बायकोने विचारलं. आमच्याकडच्या बायका कॉपर-टीला तांबी म्हणतात. "आईनेही बसवली होती. दहा मिनिटांचं काम."

इन्शुरन्सकडे मंजुरीसाठी अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर उत्तर आलं तेव्हा ती ओट्याशी उभी होती आणि मी डबे भरत होतो.

"ऐक हं," म्हणून ती वाचायला लागली. नकार होता. कारण म्हणून कंपनीच्या पत्रातलं एक वाक्य जसंच्या तसं चिकटवलं होतं. ती वाचता वाचता थांबली आणि फोन माझ्यासमोर धरला.

"हा अर्धविराम तुझा आहे ना?"

त्याच वर्षी जानेवारीत नुसती तारीख बदलून तेच पत्र पुन्हा गेलं होतं. तारीख मीच बदलली होती. मी वाक्य पाहिलं. एका हातात डब्याचं झाकण तसंच राहिलं. ती मात्र रागावली नाही. "एवढ्याशा तांबीला अडवायला केवढं इंग्रजी रे!" म्हणाली आणि पोळी उलटली.

मी म्हटलं, आपल्या पैशाने बाहेरून करून घेऊ. ती म्हणाली, "कशाला? जूनमध्ये पुण्याला जातोच आहोत की." इथे राहणाऱ्या आमच्यासारख्यांची ही जुनी सवय. इन्शुरन्समध्ये बसत नाही ते सुट्टीत करायचं. दात, चष्मा, आईवडिलांबरोबर आपल्याही रक्ताच्या तपासण्या. प्रत्येक घरात अशी यादी असते. तिने फ्रिजवरच्या कॅलेंडरचं जूनचं पान उघडलं आणि चौदा तारखेच्या चौकोनात लिहिलं, "तांबी."

साहेबांची केबिन माझ्या टेबलापासून दहा पावलांवर आहे. जाऊन सांगावं असं मनात आलं होतं. पण काय सांगणार? स्वतःच्या बायकोच्या तांबीसाठी, त्या तसबिरीसमोर, स्वतःच लिहिलेल्या पत्राच्या विरुद्ध? दोनदा दारापर्यंत गेलो. एकदा आत जाऊन दुसऱ्याच फाइलवर सही घेऊन आलो.

आम्ही जपलं. पण जपणं पुरलं नाही. एप्रिलच्या शेवटी दिवस राहिल्याचं कळलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. गर्भ काढायचा की नाही, ते इथल्या कायद्याप्रमाणे त्यांना एकटीने ठरवता येत नव्हतं. इतर डॉक्टरांची मतं हवी होती, कागद हवे होते. कागद जमत होते.

मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकराला ती धाकटीला केळं भरवत होती. "दम लागतोय रे," म्हणाली. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो. अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगखाली अँब्युलन्स काही मिनिटांत आली. हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि त्याने इंग्रजीत एक वाक्य सांगितलं. त्या वाक्याचं व्याकरण अचूक आहे, एवढंच माझ्या लक्षात आलं. अर्थ लागायला नर्सने खुर्ची द्यावी लागली.

तिसऱ्या दिवशी साहेब घरी आले. सोफ्यावर बसा म्हटलं तरी खाली सतरंजीवर बसले. कोणीतरी त्यांना सगळं सांगितलं होतं.

"तुम्ही मला सांगायचं होतंत हो," ते म्हणाले. "जिवाचा प्रश्न होता. मी काय नाही म्हटलं असतं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरं बोलत होते. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी हो म्हटलं असतं. तिच्या जाण्याचा धक्का कधीतरी ओसरेल असं सगळे म्हणतात. साहेबांच्या या वाक्याचा ओसरेल असं मला वाटत नाही. भाजी चिरताना, मेट्रोत उभा असताना ते मला पुन्हा नव्याने ऐकू येतं.

या जानेवारीत पुन्हा रिन्युअल आलं. साहेबांनी बोलावलं. "या वेळी असं घाला, की आजारपणाचं कारण असेल तर मला येऊन भेटावं. मी लगेच सही करीन."

"कोणी येणार नाही, साहेब."

"का नाही येणार?"

"मी नाही आलो."

मग मी तो शब्द उच्चारला. "बायकोची तांबी, एवढं म्हणायला मला तुमच्यासमोर तोंड उघडता आलं नाही. मी वर्षानुवर्षं तुमची पत्रं लिहितो. बाकीचे काय बोलणार?"

त्यांनी तसबिरीकडे पाहिलं. "मग मी काय करू? माझी श्रद्धा सोडू?"

"नका सोडू. ज्याला हवं त्याने थेट इन्शुरन्सवाल्यांना कळवावं. तो खर्च त्यांनी त्यांच्याकडून करावा. आपल्याकडे त्याचा कागदच येऊ नये. तुमच्या हातून काही घडणार नाही आणि कोणाला या दाराशी यावं लागणार नाही."

"ते तयार होतील?"

"विचारून बघतो."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "लिहा. साधं लिहा."

मी तीन ओळी लिहिल्या. इन्शुरन्सवाल्यांनी तीन आठवडे घेतले आणि हो म्हटलं. तेव्हापासून कोणी ते वापरलं का, मला माहीत नाही. माहीत असू नये, म्हणूनच ते तसं लिहिलं आहे.

गेल्या वर्षीचं कॅलेंडर मी काढलं नव्हतं. ते मे महिन्यावरच थांबलं होतं. परवा थोरलीने ते उतरवलं आणि पानं चाळायला लागली. ती नऊ वर्षांची आहे, मराठी अक्षर अक्षर लावून वाचते.

"तां... बी. बाबा, इज दॅट अ पॉट? लाइक तांब्या?"

"नाही गं. आईचा एक इलाज होता. करायचा राहिला."

"व्हाय?"

वेगळं काहीतरी सांगता आलं असतं. शब्द तयारही होते.

"एका माणसाला विचारायचं होतं," मी म्हटलं. "मी लाजलो."

तिने कॅलेंडर खाली ठेवलं.

"बट बाबा, यू कुड हॅव जस्ट आस्क्ड."

"हो," मी म्हटलं.