मायच्या आजोबाचं मृत्युपत्र

मायनं ते काम सांगितलं तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. सारी नोकरी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत नर्स म्हणून गेली. भामरागडच्या बाजूला पावसाळ्यात रस्ता बंद होऊन महिना महिना अडकले, गुडघे तिकडेच ठेवून आले, आणि चंद्रपूरच्या घरी परतल्यावर आता मला कोणी काही करायला सांगू नये एवढंच मनात होतं.

मायच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी काढताना डॉक्टरीणबाई हसून म्हणाली, "आजी, तुमच्या घरात कोणी इंग्रज होतं का? डोळे घारे आहेत तुमचे." घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी माय मेथी निवडता निवडता म्हणाली, "बाबाचा बाप कोण होता, ते पाह्य ना वो. मराच्या आधी मले एकदा त्याचं नाव मालूम झालं पायजे."

घरात एवढंच माहीत होतं की मायचे वडील, म्हणजे माझा आजा, गडचिरोलीतल्या आलापल्लीला जन्मले. त्यांचे डोळे घारे होते आणि उन्हात चेहरा लाल व्हायचा. त्यांची आई जंगल खात्याच्या बंगल्यावर पाणी भरायची आणि बंगल्यात एक इंग्रज साहेब राहायचा. आजा दोन-तीन वर्षांचा असताना साहेब बदलून गेला. आजानं जन्मभर सागाच्या डेपोत लाकडांवर शिक्के मारले. मजूर त्यांना पाठीमागं 'साहेबाचा' म्हणायचे. छप्पन साली त्यांनी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन सांगितलं की आपला जन्म आता झाला, आधीचं कोणी विचारायचं नाही. कोणी विचारलंही नाही. मायला शाळेत 'मांजरी' म्हणून चिडवायचे, तरी तिनं विचारलं नाही. आणि आता वयाच्या ऐंशीनंतर विचारत होती.

मी सुरुवात चर्चपासून केली. मला दुसरं काही सुचलं नाही. इथल्या जुन्या चर्चचे पाळक सज्जन होते. त्यांनी लोखंडी कपाटातून बाप्तिस्म्याची जुनी वही काढून दिली. वाळवीनं कडा खाल्लेल्या होत्या. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात माझं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे त्या तिरक्या इंग्रजी अक्षराची भीती वाटली नाही. चौथ्या दुपारी नोंद सापडली. मुलगा, वय दोन महिने, राहणार आलापल्ली. आईच्या रकान्यात नुसतं एक नाव. बापाच्या रकान्यात नाव, आडनाव आणि जंगल खातं.

"बहुतेक साहेब लोक हा रकाना कोरा ठेवत," पाळक म्हणाले. "ह्यानं लिहिलंय."

मायला सांगितलं तर तिला दोन गोष्टींचं नवल वाटलं. एक म्हणजे आपला बाप दोन महिन्यांचा असताना ख्रिश्चन झाला होता. त्यावर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "लिवलं त्यानं? सोताहून लिवलं?"

"हो."

"मंग चांगला असंन."

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. नाव कळलं होतं. पण मायला आता तो कुठल्या गावचा, त्याचे आईबाप कोण, घरात खायला होतं की नाही, सगळंच हवं झालं.

माझी मुलगी पुण्याला असते. तिनं मला तिचा जुना लॅपटॉप दिला आणि इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चच्या वह्या ज्या वेबसाइटवर बघता येतात तिथं नोंदणी करून दिली. तिकडे जन्म, लग्न, मरण सगळं चर्चच्या वहीत शेकडो वर्षं लिहून ठेवलेलं. आपल्याकडे पणजोबाचं नाव विचारलं की माणूस छताकडे बघतो. जेवण झालं की मी बसायचे ते उन्हं उतरेपर्यंत. डोळे चुरचुरायचे. साहेबाचं नाव तिकडे अगदी साधं होतं, आपल्याकडे गणपत असावं तसं. तरी एका गावात त्या नावाची बाप्तिस्म्याची नोंद सापडली. वय जुळत होतं. बाप मेंढ्यांवर जगणारा शेतकरी. मग मी वर चढत गेले. बापाचा बाप, त्याचा बाप. त्या लोकांना मृत्युपत्र करायची सवय होती, आणि मृत्युपत्रात माणूस बोलायला लागतो. एकानं बायकोला पलंग आणि दोन गाई दिल्या होत्या, पण तिनं दुसरं लग्न केलं तर गाई परत द्यायच्या. एकानं धाकट्या मुलीला फक्त स्वयंपाकाची कढई दिली होती आणि कारण लिहिलं होतं: ती एकटीच मला म्हातारपणी भेटायला येते.

हे सगळं मी मायला दुपारच्या चहाला सांगायचे. तिला ती माणसं पाठ झाली. शेजारच्या बाईंना ती 'आमचे मेंढ्यावाले' म्हणून सांगायला लागली. गाई परत मागणाऱ्याचा तिला राग यायचा. कढईवालीबद्दल म्हणायची, "ते माह्यासारखी होती." जवळजवळ दोन वर्षं असं चाललं.

मग एका जागी मी अडले आणि तिकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना ईमेल केला. त्या भागातल्या जुन्या वह्या लोकांना वाचून देण्याचं काम ते हौसेनं करत. त्यांचं उत्तर फार नम्र होतं. बाई, तुम्ही दफनाची वही पाहिली का? आमच्यात नियम आहे, मूल सापडलं की ते जगलं का, हे आधी बघायचं, मगच वरच्या पिढीकडे जायचं. सोबत पानाचा फोटो होता. माझा मेंढ्यावाल्याचा मुलगा वयाच्या चौथ्या वर्षी त्याच गावात पुरला गेला होता. तो भारतात आलाच नव्हता. आमचा साहेब दुसराच कोणीतरी होता.

मी लॅपटॉप बंद करून भांडी घासायला घेतली. मला राग आला नाही, रडू आलं नाही, नुसता थकवा आला. बत्तीस गावांचं लसीकरण करून यावं आणि कळावं की लस खराब होती, तसा. तीन आठवडे मी मायला काही सांगितलं नाही. ती विचारायची, मी डोळे दुखतात म्हणायचे.

शेवटी सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"कायनं मेला?"

"लिहिलेलं नाही."

"चार वर्साचं लेकरू," ती म्हणाली. तिला त्या परक्या पोराचं खरंच वाईट वाटत होतं. मग म्हणाली, "मंग आपला कोणता?"

तिथं माझा तोल गेला. "पुरे आता, माय. माझ्यानं होत नाही. मेलेल्या माणसांच्या वह्या चाळत बसायला मी मोकळी नाही."

"काऊन चिल्लावून राह्यली? मी काय माह्यासाठीच म्हणून राह्यली का?"

"मग कोणासाठी?"

पुढचे दोन दिवस आम्ही गोळ्या आणि जेवण एवढंच बोललो. तिसऱ्या दिवशी मीच त्या गृहस्थांना पुन्हा लिहिलं. माय म्हणाली म्हणून नाही. दोन वर्षं चुकीच्या माणसाला दिली, तर बरोबरच्याला थोडे दिवस द्यावेत असं वाटलं, इतकंच.

ते म्हणाले, जन्माकडून येऊ नका, मरणाकडून या. तिकडे मृत्युपत्रांची यादी असते. त्या नावाचे पुष्कळ लोक त्यात होते, पण एकापुढे लिहिलं होतं, पूर्वी हिंदुस्थानच्या जंगल खात्यात. त्याची प्रत मागवली. चार दिवसांनी ती ईमेलनं आली. टाइप केलेली, दीड पान.

मी पलंगाजवळ खुर्ची ओढून मायला एकेक ओळ मराठीत सांगत गेले. लग्न केलेलं नाही. राहणार बहिणीच्या घरी, समुद्राकाठच्या एका गावात. पुस्तकं भाच्याला. बंदूक एका मित्राला. घड्याळ तिथल्या चर्चच्या पाळकाला. बाकी सगळं बहिणीला. आणि सगळ्यात खाली, सहीच्या थोडं वर, असं होतं: माझ्या खोलीत सागाची पेटी आहे, ती आलापल्लीला केलेली आहे. ती बहिणीनं ठेवावी. पेटीतले कागद मात्र कोणीही न वाचता जाळावेत.

मुलाचा उल्लेख नव्हता. बंगल्यावर पाणी भरणाऱ्या बाईचा नव्हता. मी दोनदा वाचून खात्री केली.

माय म्हणाली, "म्हणजे कागद होते."

"हो."

"मरेपर्यंत ठेवले त्यानं."

"ते कसले होते कोण सांगणार? हिशेबाचे असतील. मैत्रिणीचे असतील."

"असतीन," ती म्हणाली. "माह्या आजीचे तं नाई. तिले सही येत नोती."

मी कागद आवरत होते. हात तसाच थांबला. "तू पाहिलं होतंस तिला?"

"पाह्यलं म्हणजे? दहा वर्साची होईपर्यंत तिच्याच बाजूले झोपत होती मी."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलं कुठी? तू त्याचंच इचारून राह्यली होती."

त्याचं विचारायला तूच लावलंस, हे माझ्या तोंडावर आलं होतं. पण ती आधीच बोलायला लागली होती.

साहेब गेल्यावर नव्या साहेबाच्या खानसाम्यानं मायच्या आजीला बंगल्याच्या फाटकातून परत पाठवलं. मग ती लोकांच्या घरी धान कांडायची. डेपोतल्या माडिया आदिवासी बायकांशी त्यांच्या भाषेत बोलायची. तिनं दोन बकऱ्या पाळल्या होत्या आणि शीळ घालून त्यांना बोलवायची. बाईमाणसानं शीळ घालायची नाही म्हणून सगळी वस्ती तिला बोलायची, तरी ती घालायची. साहेब कुत्र्याला तशी शीळ घालायचा, त्याच्याकडून शिकली. माझ्या मायनं ओठ पुढे काढून करून दाखवायचा प्रयत्न केला. दात नव्हते, नुसती हवा आली. आम्ही दोघी हसलो.

"साहेब कसा होता, असं इचारलं होतं मी एकडाव," माय म्हणाली. "लहान होती मी. तं म्हणे, त्याचे पाय भलते थंडे राहत."

"अजून?"

"अजून काई नाई. धान पाखडत होती, पाखडत राह्यली."

बाप्तिस्म्याची नोंद पाहिल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न होता. नोकरीत मी तो कितीतरी पोरींना विचारला होता, खाली मान घालून बसलेल्या. घरच्या बाईबद्दल विचारणं मला जमलं नव्हतं. तेव्हा विचारलं. "माय, तिच्या मनाविरुद्ध होतं का ते?"

माय म्हणाली, "तिनं नाई सांगतलं. मी नाई इचारलं. मी पोरगी होती ना वो."

त्यानंतर ती कितीतरी दुपारी बोलत राहिली. मी रिपोर्ट लिहायच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर सगळं उतरवून घेतलं. बावीस पानं झाली. त्यात साहेब सहा ओळींपुरता आहे.

पुढच्या थंडीत माय गेली. छातीत कफ झाला, आठ दिवस दवाखान्यात होती, मग घरी आणली. शेवटी शुद्धीत होती, पण ह्यातलं काही बोलली नाही. पाणी मागायची आणि खिडकी उघडायला सांगायची.

ती गेल्यावर त्या गृहस्थांचा ईमेल आला. साहेबाच्या बहिणीचा नातू हयात आहे, पत्ता मिळू शकतो, लाळेची डीएनए तपासणी केली तर नातं पक्कं ठरेल. मुलीला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला फार उत्साह आला.

"आई, करू या ना. एकदा कळू दे."

"तुला हवं तर कर," मी म्हटलं. "मी आता कोणाला पत्र लिहिणार नाही."

"पण तुला जाणून घ्यायचं नाही का?"

मी तिला खरं तेच सांगितलं. ज्या बाईबद्दल विचारायचं होतं तिच्या बाजूला माय दहा वर्षं झोपली, आणि आम्ही समुद्रापलीकडे शोधत बसलो. आता मी थकले आहे. मुलगी म्हणाली, ती बावीस पानं तरी मला पाठव, टाइप करते. रजिस्टर कुरियरमध्ये हरवेल ह्या भीतीनं मी एकेक पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि तिला पाठवत गेले. सगळी पानं जायला संध्याकाळ झाली.