आमच्या घरची भक्ती

सन एकोणीसशे साठ होतं आणि मी सव्वीस वर्षांचा होतो. भंडाऱ्याकडचं गाव सोडून भिलाईला येऊन तीन वर्षं झाली होती. कारखाना एकीकडून चालू झाला होता आणि दुसरीकडून बांधणं सुरूच होतं. मी खलाशी होतो. म्हणजे जहाजावरचा नव्हे. जड लोखंड दोराने, साखळीने वर चढवून जागेवर बसवतो, त्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. माझं शिक्षण चौथी, तेही पूर्ण नाही. म्हणून सांगायचं ते सरळ सांगतो. ज्याला वळणं पाहिजेत त्याने दुसऱ्या कोणाचं वाचावं.

राहायला मजुरांच्या कॅम्प-१ मध्ये होतो. झोपडी माझ्या हाताने बांधलेली. मशिनी ज्या लाकडी पेट्यांतून यायच्या, त्यांच्या फळ्यांच्या भिंती, वरून माती लिपलेली. छप्पर मात्र पत्र्याचं. एका ठेकेदाराचं गोदाम मोडायला गेलो होतो, तेव्हा मजुरीच्या जागी मी पत्रे मागून घेतले होते. आजूबाजूला सगळी गवताची नाही तर ताडपत्रीची घरं, आणि मधे माझं हे लांबलचक घर.

आम्हा ख्रिस्ती लोकांचं तेव्हा तिथे चर्च नव्हतं. दर रविवारी सकाळी भक्ती माझ्या घरी भरायची. खाट बाहेर निघायची, सतरंज्या पडायच्या, पंचवीस-तीस माणसं दाटीने बसायची. दुर्गहून पाळकसाहेब सायकलवर यायचे. ते खुर्चीवर, आणि त्यांच्या उजव्या हाताला मी. पहिलं गीत मीच उचलायचो. घर माझं होतं आणि आवाजही माझाच मोठा होता.

कॅम्पात मला सगळे भक्तीवाला म्हणायचे. नळावर कोणी पत्ता विचारला तर लोक सांगायचे, भक्तीवाल्याच्या घरापासून तिसरं घर. हे ऐकलं की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? माझा बाप मिशनच्या बंगल्यावर चौकीदार होता. गावच्या चर्चचं दार तो उघडायचा, झाडू तो मारायचा, घंटा तो वाजवायचा, आणि भक्ती सुरू झाली की मागे दारात, चपलांपाशी बसायचा. पुढच्या बाकावर त्याला कोणी कधी बोलावलं नाही. मी लहानपणी ते पाहिलेलं होतं. आता त्याच्या पोराच्या घरी देवाची मंडळी भरत होती.

त्या वर्षी मी कारखान्यात कायम झालो आणि उन्हाळ्याच्या आधी मला सेक्टरमधला, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतला क्वार्टर मिळाला. दोन खोल्या, लाईट, घरात नळ, मागे संडास. सोमवारपर्यंत ऑफिसात जाऊन होकार द्यायचा, नाही तर नाव यादीच्या शेवटी जाणार.

बायकोला पाचवा महिना होता. ती रोज सकाळी पाण्याचे दोन पितळी गुंड घेऊन सरकारी नळावर जायची. तिथे भांडणं, धक्काबुक्की. क्वार्टरचं कळलं तेव्हा ती चुलीपाशी बसली होती. तिने एवढंच विचारलं, "नळ घराच्या आतमधी असते म्हणे?"

"असते."

"अन पाणी?"

"पाणी नसलं तं नळ कायले लावतीन?"

ती हसली. मग मी म्हणालो, "पण आपण नाही जाऊन राहिलो."

तिचं हसू तिथेच थांबलं. "कावून?"

"भक्ती कुठे भरन मग? सेक्टर इथून तीन कोस. रात्रपाळी करून माणूस सरळ इथे येते. तो तिकडे येईन का?"

माझी कारणं खोटी नव्हती, आजही नाहीत. आमच्या मंडळीतले जे जे सेक्टरात गेले, ते ते भक्तीतून सुटले होते. पहिला महिना यायचे, मग पाहुणे यायचे, मग पंखा यायचा, आणि पंख्याखालून रविवारी उठवत नसे. पाळकसाहेब त्याला जगाच्या मागे लागणं म्हणायचे. एका बाजूला देव आणि एका बाजूला जग, असं ते सांगायचे तेव्हा मी मान हलवायचो. जग म्हणजे क्वार्टर, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुसरीकडे काही पाहायची मला गरज वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी बायको गुंड डोक्यावरून उतरवता उतरवता म्हणाली, "देवाले विचारलं का तुमी?"

विचारलं नव्हतं. माझ्या मते देवाचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं.

मग मी विचारलं. अडलं की देवासमोर मांडावं आणि खूण मागावी, ही बापाची रीत. मी गुडघ्यावर बसलो आणि म्हणालो, प्रभू, येत्या रविवारी मंडळीतल्या कोणी आपलं घर भक्तीसाठी दिलं, तर मी क्वार्टर घेईन. कोणी नाही दिलं, तर इथेच राहीन.

उठलो तेव्हा मन हलकं झालं होतं. होणारच. मंडळीतल्या अर्ध्या लोकांची छपरं मी बांधून दिली होती. कोणाच्या घरात किती माणसं मावतात हे मला तोंडपाठ होतं. माझ्याएवढं घर कोणाचंच नव्हतं.

कामावर माझा एक जोडीदार होता, नागपूरकडचा. चार वर्षांपूर्वी घरादारासकट बौद्ध झालेला. दोरीच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, अशी आमची जोडी. जेवणाच्या सुट्टीत त्याला सांगितलं तर त्याने भाकर खाली ठेवली.

"अबे, क्वार्टर सोडून राहिला? डोकं ठिकाणावर आहे का तुयं?"

"भक्ती आहे माया घरी."

"मंग? तुया देव तुयाच टिनाखाली राह्यते का? त्याले दुसरं घर चालत नाही?"

"तुले नाही समजायचं."

"मले नकोच समजू. वहिनीले समजलं का, ते पाय."

मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. दोरी मात्र ओढत राहिलो, कारण दोरी सोडली असती तर दोघेही गेलो असतो.

रविवार आला. आमच्यात भक्तीमध्ये साक्षीची वेळ असते. देवाने आठवडाभर काय केलं, हे ज्याला सांगायचं तो उठून सांगतो. मी उठलो. क्वार्टरचं सांगितलं, मागितलेल्या खुणेचं सांगितलं. बायको मागे बायकांत बसली होती, ती खाली पाहत होती. मी विचारलं, "मंडळीतून कोणी आपलं घर देते का?"

एक जण खोकला. मी मनात पाच-सहा घरं मोजली, सगळी लहान. मी पुढचं गीत उचलायला तोंड उघडलं आणि दारापासून आवाज आला, "माया घरी या ना."

ती मावशी होती. मावशी म्हणजे माझी नात्यातली नव्हे, सगळेच तिला मावशी म्हणायचे. विधवा, एकटी, कारखान्याच्या बांधकामावर रेजा होती. दिवसभर डोक्यावर घमेलं वाहायची. तिचं घर आमच्याच ओळीच्या टोकाला, गवताचं. माझ्या घरात खाट जिथे टाकायचो, तेवढीच तिची खोली.

दोन-चार जण हसले. मीही हसलो. म्हणालो, "मावशे, तुया घरात पाळकसाहेबाची सायकल मावन. पाळकसाहेब बाहेर राहतीन."

सगळे जोरात हसले. मावशीही हसली. मग म्हणाली, "बाहेर बसतीन लोक. रस्ता काय माया एकटीचा आहे?"

"जागा लहान आहे," मी म्हणालो. "ते नाही जमायचं."

पाळकसाहेब माझ्याकडे वळले आणि सावकाश म्हणाले, "भाऊ, खूण मागितली तेव्हा घराचं माप सांगितलं होतं का?"

आता कोणी हसलं नाही. "पाहू, विचार करू," असं काहीतरी बोलून मी गीत उचललं. आवाज नेहमीसारखाच मोठा लागला, पण दुसरं कडवं मी विसरलो. ते मागून बायकोने उचललं.

मंडळी गेल्यावर मी सतरंजी झटकत होतो. बायको झाडू मारत होती. मी विचारलं, "तू सांगितलं होतं का मावशीले?"

तिचा झाडू थांबला. "काय सांगितलं होतं?"

"असं म्हण म्हणून. मले नळ पायजे म्हणून."

तिने झाडू भिंतीला टेकवला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ती म्हणाली, "मले नळ पायजे, ते मी तुमाले तोंडावर सांगितलं. देवाले मधात नाही घातलं. घर तुमाले सोडवत नाही, हे तुमीबी त्याले तोंडावर सांगाचं होतं."

"घरासाठी नाही करून राहिलो मी. भक्तीसाठी."

"मंग भक्ती तं होऊन राहिली ना? मावशीकडे."

मी सतरंजी तिथेच टाकली आणि बाहेर पडलो. रागाने निघालो होतो आणि मावशीच्या घरी निघालो होतो. जागा पुरत नाही, हे मोजून दाखवायचं आणि तिच्या तोंडून वदवून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

जाऊन पाहतो तर तिने चूल घराबाहेर काढली होती. आतली जुनी चूल फोडून, त्या जागेवर शेणमातीचा हात फिरवत होती. कोपरापर्यंत हात भरलेले.

"हे काय करून राहिली?"

"चुलीनं चार माणसाची जागा खाल्ली होती. रविवारपर्यंत वाळून जाईन."

"अन पावसात सैपाक कुठे करशीन?"

"पावसाचं पावसात पाहू."

मी भिंतीपासून भिंतीपर्यंत हात पसरून माप घेतलं. दीड वाव भरली. मी बोलायच्या आत ती म्हणाली, "आत म्हातारे अन लेकुरवाळ्या. बाकी रस्त्यावर. ऊन लागन, पण वरतून काही बांधता येईन."

"अन मी कुठे बसू?" मी विचारलं. टोमणा मारायचा होता. बसायला जागाच नाही, हे तिने म्हणावं म्हणून विचारलं.

तिने मातीच्या हाताने दाराकडे दाखवलं. "तुमी इथे, उंबऱ्यापाशी. तुमचा आवाज मोठा. आतल्याले ऐकू येईन अन बाहेरच्यालेबी. दुसऱ्या कोणाचं तिथे काम नाही."

उंबऱ्यापाशी चपला असतात. तिथे तिच्या फाटक्या चपला होत्याच. ती परत मातीत हात घालून कामाला लागली होती.

बाप दारात बसायचा, ते त्याला कसं वाटायचं, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. त्याला वाईट वाटत असणार, हे मीच ठरवलं होतं, आणि त्याच्या वतीने मीच रागावत आलो होतो. आठवायला गेलो तर आठवलं ते वेगळंच. उशिरा येणाऱ्याला तो सरकून जागा करून द्यायचा, कोणाचं लेकरू रडलं की त्याला घेऊन बाहेर फिरवायचा, आणि परत येऊन जिथलं गीत सुटलं तिथून धरायचा. पुढे बसणाऱ्यांना मागे कोण आलं, कोण गेलं, हे कळायचंही नाही. तो खुश होता का? मला माहीत नाही. तो तेव्हा जिवंत नव्हता, विचारायला जागा नव्हती.

कोणी असं समजू नये की मी तिथे वितळून गेलो. वितळणारा माणूस मी नव्हे. घरी येताना रस्ताभर मी देवाशी भांडत होतो. माझं घर मोठं, पत्र्याचं, तुझ्यासाठी उघडं ठेवलेलं, आणि तुला ती शेणाची खोली पाहिजे? पण भांडता भांडता एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मी टाळू शकलो नाही. मी 'माझं घर' म्हणत होतो. शब्द फिरवून पाहिले तरी तेच येत होतं. क्वार्टर म्हणजे जग, हे मी सगळ्यांना सांगत आलो होतो. पत्र्याचं काय, हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही.

घरी बायको गुंड घेऊन निघाली होती. मी तिच्या हातातून दोन्ही घेतले आणि नळावर गेलो. बायका हसल्या. एक म्हणाली, "आज भक्तीवाले पाण्याले आले वं!" पाणी आणून ठेवलं. तरी क्वार्टरचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. बायकोनेही काढला नाही. तिला माझा स्वभाव माहीत होता. मला 'हो' म्हणायला लावलं की मी 'नाही' म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सोमवार. माझी दुसरी पाळी होती आणि ऑफिस उघडायला वेळ होता. उजाडल्या उजाडल्या मी पान्हा घेतला आणि माझ्याच छपरावर चढलो. ऑफिसात जाईपर्यंत माझं मन मलाच फिरवील, याची मला खात्री होती. म्हणून त्याला राहायला घरच ठेवायचं नाही, असं ठरवलं. कोपऱ्यातला पहिला बोल्ट गंजला होता, निघेना. आवाजाने बायको बाहेर आली. वर पाहिलं.

"आज झोपायचं कुठे?" तिने विचारलं.

"क्वार्टर आहे ना."

ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती हातोडी घेऊन आली आणि वर हात करून उभी राहिली.

तेवढ्यात जोडीदार आला. दुसरी पाळी असली की सकाळी तो चहाला आमच्याकडेच यायचा. खाली उभा राहून त्याने छपराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओळीच्या टोकाला उभ्या मावशीकडे पाहिलं. ती आपल्या दारापुढे चार बांबू उभे करत होती.

"अबे भक्तीवाल्या, हे काय करून राहिला?"

"चार बांबूवर सावली," मी म्हणालो, आणि पहिला पत्रा त्याच्याकडे सोडला. "नीट धर. धार लागते."