नाव मागच्या बाजूला

ज्याला माझे घरमालक नवरा-बायको गराज सेल म्हणत होते, तो गराज नसलेल्या घराचा होता. डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमधल्या त्या रांगेत एकाही घराला गराज नाही. दारापुढे दोन गाड्या मावतील एवढी सिमेंटची जागा आहे, बस्स. पण ताईंनी शेजाऱ्यांच्या ग्रुपवर आणि आपल्या मराठी बायकांच्या ग्रुपवरही 'गराज सेल' असंच टाकलं. त्या शब्दानेच त्यांना निम्मं समाधान मिळालं असावं.

ताई म्हणजे माझ्या घरमालकीण. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हणाले, तर काकू नको, फार म्हातारं वाटतं, म्हणाल्या. त्यांचे मिस्टर औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. वरच्या मजल्यावरच्या सगळ्यात छोट्या खोलीत मी भाड्याने राहत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, एम.एस्सी.साठी आले ती २०२० च्या शरद ऋतूत, आणि वर्ग मात्र पलंगावर बसून लॅपटॉपवर पाहिले. २०२१ च्या उन्हाळ्यात या दोघांनी नावन गावात मोठं घर घेतलं आणि हलण्याआधी नको त्या वस्तू विकायला काढल्या. प्रबंध देईपर्यंत तूही चल तिकडे, असं त्यांनी कबूल केलं होतं. डब्लिनच्या आसपास खोली मिळणं किती कठीण आहे हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. म्हणून 'तू फ्री आहेस ना, मांडामांड करायला ये' म्हटल्यावर मी लॅपटॉप मिटून खाली आले.

मांडामांडीबद्दल ताईंनी व्हिडिओ बघून ठेवले होते. एकाच रंगाच्या वस्तू जवळजवळ हव्यात, उंच मागे, बुटक्या पुढे, टेबलावर पांढरी चादर. रस्त्याकडचं टेबल आयरिश लोकांसाठी होतं. त्यावर एकदाच वापरलेलं ब्रेड मशीन, कधीच न वापरलेला कॉफीचा सरंजाम, आणि विमानतळावर घेतलेले लाकडी हत्ती. हत्तींच्या सोंडा रस्त्याकडे हव्या होत्या. मी तशा वळवल्या. इतकी शिकलेली माणसं एका हत्तीची सोंड कुठे असावी यावर गंभीरपणे वाद घालताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मिस्टरांचं म्हणणं, जरा तिरपी बरी दिसते.

दुसरं टेबल कचऱ्याच्या डब्यांजवळ, आपल्या लोकांसाठी. त्यावर चादर नव्हती. 'जिन्याखालच्या प्रेसमध्ये एक खोका आहे, त्यातलं मांड,' ताई म्हणाल्या. कपाटाला त्या प्रेस म्हणतात. इथे सगळे म्हणतात, पण ताई परभणीहून आलेल्या माझ्याशी बोलताना जरा जास्तच म्हणतात.

खोक्यात वाण होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवांना मिळालेलं, किती वर्षांचं कोण जाणे. चहाच्या गाळण्या, प्लॅस्टिकच्या वाट्या, आरशाच्या डब्या, सुटे पैसे ठेवायच्या छोट्या पर्सेस. हे मांडायचं? असं मी एकदा विचारलं. ताई म्हणाल्या, ठेवून काय करायचंय, सगळ्या हेच करतात. मी गाळण्या रंगाप्रमाणे लावल्या.

आणि तळाशी आईचा डबा होता.

माझी आई गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. मला परदेशात घरात ठेवून घेणाऱ्या बाईंना काय द्यावं याचा तिने फार विचार केला होता. शेवटी भांड्यांच्या दुकानातून पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा घेतला आणि झाकणावर टिंबाटिंबांनी 'सप्रेम भेट' आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घालून आणलं. सामानात तो बसावा म्हणून मी माझी जाड चादर मागे ठेवली होती. ताईंनी तो हातात घेऊन 'अय्या, कशाला एवढं' म्हटलं होतं. पुढे एकदा व्हिडिओ कॉलवर आईने भीतभीत विचारलं, तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, रोज वापरतो हो तुमचा डबा, पोळ्या काय मऊ राहतात. त्या दिवशी आईने तीन शेजारणींना सांगितलं.

डब्यावर आईने गुंडाळलेला परभणीचा पेपर अजून तसाच होता. सुतळीची गाठसुद्धा तिचीच.

ताईंनी पेपर पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही. 'नाव मागच्या बाजूला ठेव,' एवढं म्हणाल्या. 'नावं दिसली की लोक घेत नाहीत.'

नावनची खोली माझ्या डोळ्यापुढे होती. सुतळी सोडली, पेपर घडी करून खिशात ठेवला, झाकण उलटं करून डब्यावर ठेवलं आणि डबा गाळण्यांच्या मागे उभा केला. उंच मागे, बुटक्या पुढे. हा डबा कुणी खिळे ठेवायला नेईल, किंवा कुत्र्याची बिस्किटं, असं मनात येत राहिलं.

शेजारचे आयरिश लोक आले, सगळं ग्रँड आहे म्हणाले आणि काही न घेता गेले. मग एका गाडीतून तीन मराठी बायका उतरल्या. ताईंचा चेहरा तेव्हा बदलला. ज्यांनी वाण दिलं त्यांनाच त्यांनी स्वतःच्या हाताने सेलचं आमंत्रण पाठवलं होतं, आणि हे त्या गाडीचं दार उघडेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

एकीने हिरवी गाळणी उचलली. 'अगं, ही मी लुटलेली. आणि दोन युरो लावलेत? मी तर फुकट लुटली होती.'

बाकीच्या दोघी हसल्या आणि आपापली वाणं शोधायला लागल्या. ताईही हसत होत्या, मिस्टर घरात निघून गेले. तेवढ्यात दुसरीने डबा उघडला, झाकण उलटं केलं आणि आईचं नाव मोठ्याने वाचलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. 'ही कोण गं?'

मी ताईंकडे पाहिलं. एवढं तरी त्या खरं सांगतील असं मला वाटत होतं.

'हिची आई,' ताई म्हणाल्या. 'हिचंच सामान आहे ते. हिनेच काढलंय विकायला. काय करणार, स्टुडंट लोक, पैसे लागतात.'

तिघींनी माझ्याकडे बघितलं. आईची भेट विकणाऱ्या मुलीकडे बघतात तसं. मला राग यायला हवा होता, पण आला तो कंटाळा. एवढं मोठं घर घेऊनही माणूस एवढं लहान होऊ शकतं याचा. आणि मग लक्षात आलं, की ताईंनी आत्ता तिघींच्या देखत डबा मला दिला होता.

'हो, माझाच आहे,' मी म्हणाले. आवाज फार मोठा निघाला नाही. 'पण विकायचा नाही. चुकून मांडला गेला.'

मी त्या बाईंच्या हातातून झाकण घेतलं, सरळ बसवलं, आणि डबा घेऊन वर गेले.

नावनच्या खोलीबद्दल त्या आठवड्यात त्या म्हणाल्या की आता सासूबाई येणार आहेत, बघू. त्यांनी बघितलं नाही, मीही विचारलं नाही. विमानतळाजवळच्या स्वोर्ड्सला दोन मुलींबरोबर एक खोली मिळाली. विमानं डोक्यावरून जातात, पण पोळ्या मी करते आणि डब्यात ठेवते. खरंच मऊ राहतात.

निघताना ताईंनी मला भेट दिली. न खपलेला एक हत्ती. किमतीचं स्टिकर नखाने खरवडलेलं, अर्धं तसंच. मी थँक्यू म्हणाले, बाहेर आले आणि त्यांच्याच पुढच्या बुटक्या भिंतीवर तो ठेवला. सोंड घराकडे. स्टिकरची बाजू रस्त्याकडे.