आईने केलेली जागा

आईच्या शाळेतल्या कबड्डी संघाचा एकुलता एक फोटो मधोमध फाटला होता. सत्तरीतली आई तो स्कॅन करून सकाळपासून कॉम्प्युटरवर सांधत होती. सेव्ह करताना पडद्यावर सूचना आली, 'डिस्कवर जागा नाही.'

"बंद करून बघू," मी म्हणाले.

"हात लावू नकोस! सगळं जाईल."

तिने शांतपणे एक फोल्डर उघडलं. फोटोचा प्रोग्रॅम पूर्वी मध्येच बंद पडायचा, तेव्हाच्या तात्पुरत्या फाइली तिथे तशाच साठल्या होत्या. तिने त्या पुसल्या, पुन्हा सेव्ह दाबलं. फोटो सेव्ह झाला!

आई उभी राहून टाळ्या वाजवू लागली. जागा नाही म्हणून मी आजवर काय काय सोडून दिलं, ते आठवलं. पडद्यावर सातही मुली अखंड हसत होत्या.

"सात प्रती काढ," आई म्हणाली. "प्रत्येकीला एक."