तात्यांनी न वाचलेल्या दोन ओळी

लासुर्ण्याच्या फाट्यावर पुण्याची एसटी यायला अजून दहा मिनिटं होती. माझी बॅग रस्त्याच्या कडेला, वर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि मी बस दिसते का म्हणून पायाच्या चवड्यांवर उभा. तेवढ्यात आईनं पदराची गाठ सोडली. आतून घडी घालून घालून मऊ पडलेली एक चिठ्ठी निघाली. “शमू, आजून येकदा वाचून दाव,” ती म्हणाली. “मग जा.”

मी चिठ्ठी उघडली, कागदावरून नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “ऊठ आणि जा. मी तुझ्याबरोबर आहे.” आईनं डोळे मिटून ते ऐकलं. चिठ्ठी परत गाठीत बांधली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तिथंच, उसाच्या बैलगाड्यांच्या धुरळ्यात, प्रार्थना केली. मग बस आली.

चिठ्ठीत यातलं एक अक्षरही नव्हतं. तिच्यात लिहिलं होतं, “थांब. धीर धर. मी येतो.”

हे मी लासुर्ण्यात राहिलेल्या माझ्या माणसांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे पोटासाठी लांब गेले त्यांच्यासाठीही. तुम्हा सगळ्यांना वाटतं की शमुवेल मोठ्या विश्वासानं परमुलखात गेला. त्या विश्वासाची सुरुवात कशी झाली ते एकदा सांगून टाकतो.

आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे वीस-बावीस घरं आणि पत्र्याचं एक चर्च. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना झाली की पाळक पितळेच्या ताटात चिठ्ठ्या घेऊन उभे राहत. शास्त्रातला बोध ते सोप्या शब्दांत, दोन-तीन वाक्यांत लिहून आणत. प्रत्येक घरातल्या मोठ्या माणसानं डोळे मिटून एक उचलायची, आणि ते त्या घराचं वर्षाचं वचन. कोणी ते भिंतीवर डकवी, कोणी पिठाच्या डब्याला. आई वाचायला शिकलेली नव्हती, म्हणून वडील गेल्यापासून आमच्या घराची चिठ्ठी ती उचलायची आणि मी वाचायचो.

मी तेव्हा जवळच्या साखर कारखान्यात पॅनमन होतो. उसाचा घट्ट पाक ज्या मोठ्या बंद भांड्यात शिजवतात ते पॅन, आणि शिजवणारा तो पॅनमन. या कामात सगळी हुशारी पाकात साखरेचा दाणा धरेपर्यंत थांबण्यात असते, आणि नेमकं तेच मला जमत नसे. चहासुद्धा मी जीभ भाजून प्यायचो. ब्याण्णव संपता संपता टांझानियातल्या एका कारखान्याचं बोलावणं आलं आणि माझा पाय जमिनीवर ठरेना. आई एवढंच म्हणाली, “देवाला इचारू. नव्या सालाची चिठ्ठी काय म्हनती ते बघू.” मी एकुलता एक मुलगा. बहीण लग्न होऊन वडगाव निंबाळकरला. मी गेलो असतो तर आई घरात एकटीच राहणार होती, हे मला कळत नव्हतं असं नाही.

ती सकाळ मला लख्ख आठवते. आईनं ताटाच्या अगदी तळातून चिठ्ठी काढली, माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी “थांब” हा शब्द पाहिला. दुसऱ्याच क्षणी “ऊठ आणि जा” माझ्या तोंडून निघून गेलं होतं. आई हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “मंग जा,” ती म्हणाली. “देवच म्हनतोय तर मी कोन.”

टांझानियात मी रुजलो, उगाच खोटं कशाला बोलू. कारखाना डोंगराच्या पायथ्याशी, चारी बाजूंना ऊस, त्यामुळे पहाटेचा वास थेट लासुर्ण्याचा. फक्त पाटाच्या पाण्याऐवजी तिथं लाल माती आणि केळीची बनं. मक्याची उगाली आधी घशाखाली उतरेना, पुढे ती मी चटणीबरोबर खायला लागलो. शेताला शांबा म्हणायला शिकलो. पण एक गोष्ट मात्र तिथं गेल्यापासून बंद पडली. रविवारी चर्चला जायचो, गाणी म्हणायचो, आणि डोळे मिटले की फाट्यावरची आई दिसायची. प्रार्थना करायला तोंडच उरलं नव्हतं. जो “थांब” म्हणाला होता त्याला न जुमानता मी आलो होतो. आता त्याच्याकडे काय म्हणून मागायचं?

आईची पत्रं बहीण लिहायची. तिसऱ्या वर्षी एका पत्रात तिनं कळवलं की गावात साक्षरतेचे वर्ग सुरू झालेत, दुपारी भाजी खुडून झाली की आई पाटी घेऊन शाळेत जाते. सगळ्या बायकांत तिचीच घाई जास्त. चिठ्ठी अजून तिच्याकडेच असणार. मी लगोलग उलट लिहिलं की या वयात आईनं कशाला डोळे शिणवायचे. ते वाक्य आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते, आणि थोडं हसूही येतं.

डोळे शिणायची पाळी माझ्यावर आली. एका दुपारी पॅनचा नमुना काढायची नळी तुंबली. वाफ बंद करायची, चार मिनिटं थांबायचं, मग नळी साफ करायची, हे मी नव्या मुलांना घसा ताणून शिकवत असे. त्या दिवशी मी स्वतः थांबलो नाही. उकळता पाक तोंडावर आला.

दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर जाड पट्टी बांधली. डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलायचे. पट्टी निघाल्याशिवाय दिसेल की नाही सांगता येत नाही, आणि पट्टी अडीच आठवडे तरी काढायची नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी हात लावायला गेलो की नर्स बोटं धरायची आणि म्हणायची, “पोले पोले.” हळूहळू. मला त्या शब्दाचा संताप यायचा. आंधळा पॅनमन कोणाच्या कामाचा? आंधळा मुलगा आईच्या दारात कसा उभा राहणार? चौथ्या दिवशी मी पट्टीच्या कडेत बोट घातलंच होतं. काय व्हायचं ते आत्ता होऊन जाऊ दे, आणि मिळेल त्या विमानानं मुंबई गाठू, असं ठरवून टाकलं होतं.

तेव्हा दारातून तात्यांचा आवाज आला. तात्या आमच्या कारखान्यातले फिटर, इंदापूरकडचे. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, पुढे शेती आली. त्या मुलखात माझी भाषा बोलणारं तेवढं एकच माणूस. रोज कामावरून सुटले की माझ्याजवळ येऊन बसायचे.

“बोट काढ,” ते म्हणाले. “तुझ्या आईचं पत्र आलंय. भनीच्या हातचं न्हाय. आईनंच लिवलंय.”

मी बोट काढलं. आयुष्यभर मी आईला वाचून दाखवलं होतं, आणि आता तिचं पहिलं पत्र मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागत होतं. तात्या अडखळत वाचू लागले. अक्षरं मोठमोठी, वाकडी, एका ओळीत मोजकेच शब्द, असं त्यांनी मधेच सांगितलं. “शमूस आईचा आशीर्वाद. मी आता वाचती. पयली तुझी चिठी वाचली. तीत लिवलंय, थांब. धीर धर. मी येतो.” एवढं वाचून झालं आणि कागद दुमडल्याचा आवाज आला.

“पुढं?” मी विचारलं.

“खाली दोन वळी हायत. त्या मी वाचायच्या न्हाईत. त्या तुझ्या आन् तुझ्या आईच्या हायत. पट्टी निघाली की तुझ्या डोळ्यांनी वाच.”

मी विनवण्या केल्या, चिडलो, रडलो. आणि नाहीच दिसलं तर काय, असं विचारलं. तात्यांनी पत्राची घडी माझ्या उशीखाली सरकवली. “मेंढराच्या डोळ्याला इजा झाली की आमचा आबा त्याला अंधारात बांधायचा,” ते म्हणाले. “ते लई वरडायचं. पर आबा दार उघडायचा न्हाय. त्याच्यापशी बसून ऱ्हायचा.”

ते गेल्यावर मी कितीतरी वेळ उशीखाली हात घालून पडलो होतो. आईला कळलं होतं. ज्याला मी तीन वर्षं भ्यालो ते होऊन गेलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की पत्राला इथं पोचायला तीन आठवडे लागतात. आईनं ते शब्द उतरवून काढले तेव्हा माझे डोळे धडधाकट होते. तिला काही माहीत नव्हतं. मी दडपून टाकलेलं वचन समुद्र ओलांडून नेमकं मी बोट पट्टीत घातलं त्या घटकेला माझ्याजवळ येऊन पोचलं होतं. कोणी याला योगायोग म्हणेल. म्हणो. मी त्या दिवशी तीन वर्षांनी पहिल्यांदा देवाशी खरं बोललो. मी खोटं वाचलं, म्हणालो. तू थांब म्हणालास आणि मी पळालो. आता थांबतो. तू ये.

डोळे परत येतील असं देवानं मला काही सांगितलं नाही. तसं उत्तर मिळालं असं मी म्हणालो तर ते पुन्हा खोटं वाचणं होईल. पण भीती उतरली. ताप उतरल्यावर अंग हलकं होतं तसं झालं. पुढचे दोन आठवडे मी पट्टीला हात लावला नाही. काळोख तोच होता, फक्त त्यात मी एकटा नव्हतो. नर्स “पोले पोले” म्हणाली की मीही तिच्याबरोबर म्हणायचो आणि ती हसायची.

अठराव्या दिवशी खिडक्यांना पडदे लावून डॉक्टरांनी पट्टी सोडली. आधी नुसता पांढुरका ढग दिसला. मग त्यातून तात्यांची पिकलेली मिशी वर आली. मी काही बोलायच्या आत त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. अक्षरं खरोखरच वाकडी होती, एकेक बोराएवढं. खालच्या दोन ओळी मी नाकाजवळ धरून वाचल्या.

“तवा तू दुसरंच वाचलंस.
जायचं हुतं तर सांगायचं. मी जाऊ दिलं आसतं.”

मी लहान मुलासारखा रडलो. नर्स डोळे पुसू देईना. इतकी वर्षं जे ओझं वागवलं ते उचलायची मुळी गरजच नव्हती. मी नुसतं विचारायला हवं होतं, तिला आणि त्यालाही. त्याच आठवड्यात मी आईला उत्तर लिहिलं, मोठ्या अक्षरांत, तिला एकटीला वाचता येईल असं. खोटं वाचल्याचं लिहिलं, डोळ्यांचं लिहिलं, डाव्या डोळ्यात एक ढग कायमचा राहिलाय तेही लिहिलं.

आता माझा संसार इथंच आहे. मुलं आपसात स्वाहिली बोलतात, माझ्याशी मराठी, आणि मला मुलखाबद्दल काही ना काही विचारत राहतात. तुमचं घर कुठलं, असं धाकटी परवा म्हणाली. लासुर्णे म्हणावं तर तिथं मी पाहुणा, इथलं म्हणावं तर अजून चटणी तिकडूनच येते. मी तिला फाट्यावरची गोष्ट सांगितली, कारण मला घर म्हटलं की ती जागा दिसते. सत्याण्णवच्या हिवाळ्यात पहिल्यांदा रजेवर गेलो तेव्हाची.

एसटीतून उतरलो तर आई आधीच येऊन उभी होती. तिनं माझी हनुवटी धरून दोन्ही डोळे नीट तपासले, डाव्याशी थोडं जास्त थांबली. मग पदराची गाठ सोडली. तीच चिठ्ठी, घडीवर फाटत आलेली.

“वाच,” म्हणाली.

मी वाचायला लागलो आणि तिनं कागदावर बोट ठेवलं. मी शब्द उच्चारला की बोट पुढे सरकायचं, आधी नाही. थांब. धीर धर. मी येतो. शेवटच्या अक्षराशी बोट थांबलं.

“बराबर हाय,” आई म्हणाली. “चल आता घरी.”